बाहुलीच्या घराचा कागद

(रात्रीच्या साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



आजचा विषय ऐकून काही जण हसतील. बाहुलीचे घर! आणि त्याच्या भिंतीवरचा कागद! गुरुजींना आता दुसरे काम उरले नाही, असेही कोणी म्हणेल. म्हणू द्या. आपण या वर्गात धानावर बोललो, पाण्यावर बोललो, सातबाऱ्यावर बोललो. आज लेकरांच्या खेळण्यावर बोलू.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे तान्हा पोळा असतो. पोरे लाकडाचा नंदी सजवून नेतात. नंदीचा पाय मोडला तर बाप सुताराकडे जातो. रंग उडाला तर नवा रंग देतो. तो नंदी आजोबाकडून नातवाकडे जातो. आणि मुलीचे बाहुलीघर? एका पावसाळ्यात त्याचा कागद सुटला की ते चुलीत जाते. हे आम्हाला बरे वाटत नाही. नंदी दुरुस्त होतो, तर बाहुलीघर का नाही?

खेळणे ही हलकी गोष्ट नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची नावे तुम्ही ऐकली असतील. १९४५ साली त्यांनी समुद्राकाठच्या बोर्डी गावी लहान मुलांसाठी काम सुरू केले. १९५७ साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे आदिवासींची मुले शिकली. त्यांनी शहरातली महाग साधने मागवली नाहीत. शिंपले, बिया, पाने, माती, गावात जे मिळेल त्याचीच साधने केली. आपणही तसेच करू.

आता बाहुलीघर कशाचे असते? कोणाचे फळांच्या लाकडी खोक्याचे. कोणाचे दुकानातून आणलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्याचे. काही पोरी मातीचेच करतात. आत भिंतीला रंगीत कागद चिकटवतात. मोठ्या शहरांत, परदेशांत खऱ्या घरांच्या भिंतींनाही असा कागद लावतात. दिल्लीचे राष्ट्रपती भवन ज्यांनी आखले, त्या लुट्येन्स साहेबांनी इंग्लंडच्या मेरी राणीसाठी एक बाहुलीघर आखले होते. १९२४ साली ते पुरे झाले. आज ते विंडसरच्या किल्ल्यात ठेवलेले आहे. त्याचे माप असे, की खऱ्या घरात जिथे एक फूट, तिथे या घरात एक इंच. एवढा मोठा माणूस, पण बाहुलीच्या घराला त्याने हलके मानले नाही.

हे माप आपल्या कामाचे आहे. खोक्याची भिंत नऊ इंच उंच असेल, तर बाहुलीला ती नऊ फुटांची वाटते. तिथे वीतभर कमळाचा कागद लावला तर बाहुली त्या कमळात बुडून जाते! म्हणून बारीक फुलांचा, बारीक रेघांचा कागद घ्यावा. जुन्या लग्नपत्रिकेचा चालतो. भेटवस्तूवरचा चालतो. फार गुळगुळीत, मेणचट कागद मात्र घेऊ नये. त्याला खळ धरत नाही.

आता मुख्य प्रश्न. परवा एका बाईने आम्हाला विचारले, "गुरुजी, कागद तर चांगला चिकटवला होता. मग त्याला फोड कायले येतात?"

बाई, पावसाळ्यात घराचे दार फुगते ना? ओढून लावावे लागते ना? कागदाचेही तसेच आहे. तो लाकडाच्या, बांबूच्या, गवताच्या धाग्यांचाच केलेला असतो. खळ लागली की तो पाणी पितो आणि वाढतो. आपण घाई करून त्याला लगेच भिंतीवर दाबतो. मग तो भिंतीवर वाढतो, आणि जागा नाही म्हणून वर उचलतो. तोच फोड. म्हणून खळ लावल्यावर कागद थोडा वेळ तसाच राहू द्यावा. त्याला काय वाढायचे ते भिंतीबाहेर वाढू द्यावे. मग भिंतीवर ठेवावा. मधून कडेकडे मऊ फडक्याने सारत न्यावा.

तरी फोड आले तर? त्याच दिवशी टोचू नयेत. पुष्कळ फोड वाळता वाळता आपोआप बसतात. दुसऱ्या दिवशी नखाने वाजवून पाहावे. पोकळ आवाज आला तर तिथे खळ पोचलेली नाही. त्या जागी ब्लेडने बारीक चीर द्यावी. चीर फुलाच्या रेघेवर द्यावी म्हणजे दिसत नाही. काडीच्या टोकाने आत थोडी खळ सोडावी. वरून कोरा कागद ठेवून बोटाने दाबावे. खळ बाहेर आली तर ओल्या फडक्याने लगेच टिपून घ्यावी.

पुठ्ठ्याच्या घराची आणखी एक तक्रार असते. आतून कागद लावला की भिंत धनुष्यासारखी वाकते. त्याचे कारणही तेच. ओला कागद वाळताना आखडतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. उपाय सोपा आहे. बाहेरच्या बाजूनेही कागद लावावा. मग दोघांची ओढ सारखी होते. वह्या-पुस्तके बांधणारे लोक हेच करतात. भिंत सुटी असेल तर वाळताना तिच्यावर पाटा ठेवावा.

कोपऱ्यातला कागद तर सुटतोच. कारण आपण एकच कागद दोन भिंतींवर वळवतो. वाळला की तो ताणून कोपऱ्यातून उचलतो. प्रत्येक भिंतीचा कागद वेगळा कापावा. एकीचा कागद दुसरीवर तांदळाच्या दाण्याएवढाच चढवावा. मातीच्या घराला आधी नुसती पातळ खळ पोतावी आणि वाळू द्यावी. नाहीतर कागद भुसभुशीत मातीला चिकटतो, आणि मातीसकट खाली येतो.

खळ कशी करावी, हे आमच्यापेक्षा आमच्या मायबहिणींना जास्त ठाऊक आहे. एक वाटी मैदा किंवा तांदळाचे पीठ. पाच-सहा वाट्या पाणी. आधी थंड पाण्यात पीठ कालवावे, गुठळी राहू नये. मग मंद आचेवर सारखे ढवळत शिजवावे. पिठाचा पांढरेपणा जाऊन ती चकाकू लागली की उतरावी. निवल्यावर फडक्यातून गाळावी. मैद्याची खळ जास्त धरते. तांदळाची मऊ राहते. खळ रोजची रोज करावी. आपल्या उन्हात ती दुसऱ्या दिवशी आंबते. बाभळीचा डिंक वाळला की कडक होऊन तडकतो. बाजारचा पांढरा तयार गोंद घट्ट धरतो खरा, पण पुढे कागद काढायचा झाला तर तो पाण्याने नीट सुटत नाही. खळीचा कागद ओल्या फडक्याने सुटतो. म्हणून आम्हाला खळच पसंत आहे.

आता जरा कान देऊन ऐका. खळ हे पीठ आहे. ते झुरळ खाते, कसर खाते. म्हणून काही लोक खळीत मोरचूद घालतात. पुस्तके बांधणाऱ्यांत ही जुनी रीत आहे. पण मोरचूद हे विष आहे. संत्र्याच्या झाडाला बोर्डो मिश्रण देतात, ते याच मोरचुदाचे. बाहुलीघर कोण हाताळते? दोन-चार वर्षांचे लेकरू. ते कागद चाटते, कोपरा तोंडात घालते. पुस्तकाला जे चालते ते खेळण्याला चालत नाही. मोरचूद घालू नका. शेतातले फवारणीचे औषध तर जवळही आणू नका. कसर लागू नये म्हणून खळ पातळ लावावी, आणि दर महिन्याला घर झाडून पुसून ठेवावे. कोणी म्हणतात तुरटी घाला, खळ टिकते. टिकते, पण काही वर्षांनी कागद पिवळा पडून ठिसूळ होतो.

आपल्या गोंदिया जिल्ह्यात पाऊस भरपूर. मृगापासून पुढे चार महिने भिंती ओल्या. त्या ओलीने कागदावर काळे ठिपके येतात. ती बुरशी. तिला ओल्या फडक्याने पुसू नये, ती पसरते. नाकाला रुमाल बांधून, घर अंगणात नेऊन कोरड्या मऊ कुंचल्याने झाडावे. सावलीत, वाऱ्यावर वाळवावे. कडक उन्हात रंग उडतो. पावसाळ्यात बाहुलीघर भिंतीला टेकवून ठेवू नये. खाली दोन विटा द्याव्या, मागे चार बोटे जागा सोडावी.

जुना कागद असेल तर काय करावे? एक उदाहरण सांगतो. आपल्या भागात बिड्या वळणाऱ्या बाया पुष्कळ होत्या. अशाच एका मायने कारखान्यातली वाया गेलेली लेबले आणून मुलीच्या खोक्याला आतून लावली होती. लाल, हिरवी, पिवळी. माय गेली. मुलगी आता स्वतः दोन लेकरांची आई आहे. ती ते खोके घेऊन आमच्याकडे आली. लेबले कडेने उचलली होती. शेजारणीने तिला सांगितले होते, "फाडून टाक, नवा कागद लाव." ती म्हणाली, "गुरुजी, मायच्या हातचं एवढंच राहिलं."

अशा वेळी फाडू नये. आम्ही आधी एका कोपऱ्यात ओला कापूस टेकवून पाहिला. लाल रंग कापसाला लागला. म्हणजे तिथे जास्त पाणी चालणार नव्हते. म्हणून घट्टसर खळ अगदी थोडी, काडीने, उचललेल्या कडेखाली घातली. वर कोरा कागद, त्यावर दाब. एका वेळी पाच-सहा लेबलेच. या कामाला चार संध्याकाळी लागल्या. तीन जागी लेबल पुरते गेले होते. तिथे आम्ही दुसरे लेबल शोधून लावले नाही. साधा खाकी कागद लावला. जे मायने लावले ते मायचे दिसावे, जे आपण लावले ते आपले दिसावे, असे त्या बाईचेच म्हणणे पडले. आम्हाला ते पटले.

उद्या ज्यांच्याकडे असे खोके असेल त्यांनी ते घेऊन यावे. सोबत वाटीभर मैदा आणि जुने मऊ फडके आणावे. खळ इथेच शिजवू. ब्लेड आम्ही आणू. ते लेकरांच्या हाती द्यायचे नाही.