बंदुकीच्या अर्जातला एक रकाना

'शिक्षा' आणि 'दंड' हे दोन शब्द आपल्या बोलण्यात वेगवेगळ्या घरांत राहतात. शिक्षा म्हणजे तुरुंग, आणि दंड म्हणजे पैसे भरून मोकळं होणं. 'कोर्टात दोनशे रुपये दंड झाला' असं सांगणारा माणूस 'मला शिक्षा झाली' असं चुकूनही म्हणायचा नाही. एरवी या भेदानं कुणाचं काही बिघडत नाही. पण शस्त्र परवान्याचा अर्ज पुढ्यात आला की हाच भेद माणसाला अडचणीत आणतो. गुन्हा कबूल केला आणि न्यायाधीशानं दंड ठोठावला, तर कायद्याच्या लेखी ती दोषसिद्धी असते, मग रक्कम पन्नास रुपये का असेना.

२०१६ सालच्या शस्त्र नियमांबरोबर जो अर्जाचा नमुना आला, त्यात हे स्पष्ट विचारलं आहे. तुम्ही कधी दोषी ठरला आहात का, ठरला असाल तर गुन्हा कोणता, शिक्षा काय, तारीख कोणती. शांतता राखण्यासाठी किंवा चांगल्या वर्तणुकीसाठी तुमच्याकडून कधी बंधपत्र लिहून घेतलं होतं का. पूर्वी परवाना मागितला होता का, आणि त्याचं काय झालं. प्रश्न साधेच आहेत, पण ज्या मराठीत ते समोर येतात ती मराठी घरी कुणी बोलत नाही.

आता कुणी म्हणेल, कवीला बंदुकीशी काय देणंघेणं? आमच्या कोकणात बंदूक म्हणजे रुबाब नव्हे, ते शेतीचं अवजार आहे. रानडुकरं एका रात्रीत भाताचा चोंढा उलथून टाकतात, वानरं नारळ-केळीला पुरून उरतात. म्हणून घरोघरी नसली तरी वाडीत एखादी ठासणीची बंदूक असते, पीक राखणीच्या परवान्यावरची. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, निवडणूक संपली की परत आणायची. आणि मी पडलो बी.ए., शिवाय लिहिणारा. त्यामुळे वाडीतले अर्ज माझ्या ओटीवर येतात.

मागे असेच एक शेजारी आले. वडील वारले, त्यांच्या नावची बंदूक ठाण्यात जमा झाली. आता परवाना मुलाला हवा होता. लिहिता लिहिता त्या रकान्याशी आलो आणि विचारलं, "दादा, कधी कोर्टकचेरी?"

"नाय बा. आपण कधी तुरुंग पायला नाय."

चहा झाल्यावर हळूहळू गोष्टी निघाल्या. वीस-बावीस वर्षांपूर्वी टपरीमागे तीनपत्ती खेळताना धरले गेले होते आणि कोर्टात दोनशे रुपये भरून सुटले होते. आणि एका शिमग्यात पालखीच्या मानावरून दोन वाड्यांची जुंपली, तेव्हा दोन्हीकडच्या माणसांकडून वर्षभराचं बंधपत्र घेतलं गेलं, त्यात यांचंही नाव होतं.

"पण भाई, ह्ये लिवलं तर बंदूक गेलीच म्हणून समजा. कोण बघतंय वीस वर्षांचं जुनं?"

बघणारे असतात. शस्त्र अधिनियम १९५९ सालचा. त्याच्या कलम १३ प्रमाणे अर्ज आला की परवाना देणारा अधिकारी जवळच्या पोलीस ठाण्याकडून अहवाल मागवतो. ठाण्यात नोंदवह्या असतात. शिवाय गावात पोलीस पाटील असतो, आणि शिमग्याचं भांडण गावात कोण विसरतो?

पण या नोंदींनी खरंच बंदूक जाते का? कलम ९ सांगतं की हिंसेच्या किंवा नैतिक अध:पतनाच्या गुन्ह्यात कैदेची शिक्षा झाली असेल, तर ती संपल्यापासून पाच वर्षं शस्त्र बाळगता येत नाही. बंधपत्र असेल, तर त्याची मुदत चालू असेपर्यंत मनाई. दोनशे रुपये दंडात कैद नाही, आणि बंधपत्राची मुदत केव्हाच सरली. म्हणजे खरं सांगितल्यानं या माणसाला कायद्याची थेट आडकाठी कुठंच नव्हती. उलट खरं लपवून परवाना मिळवला, तर कलम १७ खाली नेमक्या त्याच कारणासाठी तो रद्द होऊ शकतो. पत्त्यांच्या डावानं जे गेलं नसतं ते एका 'नाही'नं जाऊ शकतं.

अधिकाऱ्याच्या हातात मात्र आणखी एक शब्द आहे. कलम १४ प्रमाणे 'कोणत्याही कारणानं अयोग्य' वाटला, तर तो अर्ज नाकारू शकतो. हा शब्द मला फार सैल वाटतो. पण नाकारताना त्याला कारण लेखी नोंदवावं लागतं, ते मागितलं तर एरवी द्यावं लागतं, आणि त्यावर अपील करता येतं. 'मिळणार नाही' असं तोंडी ऐकून लोक घरी परततात, तसं परतू नये.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानं या लपवाछपवीचा विचार नोकरीच्या संदर्भात केला आहे. बंदूक आणि नोकरी एक नव्हे, तरी त्यातली दृष्टी पाहण्यासारखी आहे. दिल्ली पोलिसांत भरती होऊ पाहणाऱ्या एका तरुणानं जुनं मारामारीचं, तडजोडीनं मिटलेलं प्रकरण अर्जात सांगितलं नव्हतं. २०११ साली निकाल देताना न्यायमूर्तींनी व्हिक्टर ह्यूगोच्या जाँ व्हालजाँची आठवण काढली. भाकरी चोरली म्हणून आयुष्यभर चोर ठरलेला तोच माणूस. साने गुरुजींनी 'दुःखी' या नावानं ती कादंबरी मराठीत आणली, त्यात तो वालजी होऊन येतो. त्या तरुणाला न्यायालयानं पदरात घेतलं. पुढं २०१६ साली तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की माहिती खरीच द्यावी. मात्र तरुणपणी घोषणा दिल्या, एवढ्या क्षुल्लक गोष्टीची लपवणूक मालकाला माफ करता येईल. करता येईल, करावीच लागेल असं नव्हे.

बंधपत्राच्या प्रकरणाला आपल्याकडे 'चॅप्टर केस' म्हणतात, कारण जुन्या फौजदारी संहितेत ते आठव्या चॅप्टरमध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली, कलम १०७ चं १२६ झालं, तरी लोक एकशेसातच म्हणतात. हा गुन्हा नव्हे, खबरदारीची कारवाई आहे. सणासुदीच्या आणि निवडणुकीच्या तोंडावर अशा नोटिसा निघतात. आमच्या मोहल्ल्यातही येतात, पलीकडच्या वाडीतही. नुसती नोटीस येणं आणि बंधपत्र देण्याचा हुकूम होणं यात फरक आहे, आणि अर्ज हुकमाबद्दल विचारतो. तसंच, नुसता गुन्हा दाखल झाला म्हणजे दोषी ठरला असं होत नाही. तडजोडीनं मिटवायला कायद्यानं मुभा असलेल्या गुन्ह्यात तडजोड झाली, तर ती निर्दोष सुटकेसारखीच धरली जाते. पण पोलिसांच्या अहवालात तिचा उल्लेख येणारच. म्हणून आदेशाची नक्कल सोबत जोडावी. किरकोळ खटल्यांचे कागद मुदतीनंतर नष्ट करतात. तसं झालं असेल तर कोर्टाकडे नकलेचा अर्ज करून तेवढंच लेखी उत्तर मिळवावं.

शेजाऱ्यांनी शेवटी लिहू दिलं, नाखुशीनंच. रकान्यात 'होय' घातलं, 'सोबत कागद पाहावा' लिहिलं, आणि त्या कागदावर दोन्ही प्रकरणं चार ओळींत मांडली. चौकशीला आलेल्या हवालदारांनी ओटीवर बसून तो वाचला, आपल्या वहीशी ताडून पाहिला आणि घडी घालून ठेवला. परवान्याचा निर्णय अजून व्हायचा आहे. बंदूक ठाण्यात आहे, आणि शेजारी रात्री मांगरात बसून पत्र्याचा डबा वाजवत भात राखताहेत.