काळी पट्टी मारली म्हणजे मजकूर गेला असं नाही

(दुबईतल्या मराठी कामगारांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आठवड्याची एकच सुट्टी, त्यातली दुपार तुम्ही दिलीत, म्हणून फार लांबण लावत नाही.

पगार थकला, ओव्हरटाइम कापला, की आपण पहिलं काय करतो? स्लिपचा फोटो काढून ग्रुपवर टाकतो. नावावर बोटाने काळी रेघ ओढली की वाटतं, झालं काम. तो कागद फिरत फिरत कंपनीच्या ऑफिसात पोचतो, आणि माणूस सापडतो. मग ड्युटी बदल, धमकी, परत पाठवायची भाषा.

साइटवर आपल्याला हे कळतं. काँक्रीट नीट बसलं नाही आणि वरून गिलावा मारला, तर भिंत दिसते छान, पण आत पोकळीच. कागदाचंही तेच. झाकणं वेगळं, काढून टाकणं वेगळं.

पीडीएफमध्ये काळा चौकोन बहुतेक वेळा अक्षरांच्या वर नुसता ठेवलेला असतो. खालची अक्षरं जागच्या जागी. ती सिलेक्ट करून दुसरीकडे पेस्ट केली की उघडी. मोठमोठे वकीलही यात फसलेत. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत पॉल मॅनफोर्ट यांच्या वकिलांनी कोर्टात असाच काळ्या पट्ट्यांचा कागद दिला. पत्रकारांनी कॉपी-पेस्ट करून पट्टीखालचं सगळं वाचलं.

फोनवरही तेच. गॅलरीतला हायलायटर अर्धपारदर्शक असतो. फोटोचा ब्राइटनेस वाढवला की अक्षरं वर येतात. नंबर धूसर केला तरी तो परत काढणारी सॉफ्टवेअर आहेत. २०२३ मध्ये तर गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये असा दोष सापडला की क्रॉप करून कापलेला भाग फाइलमध्ये शिल्लक राहत होता.

मग करायचं काय? लॅपटॉप असेल तर लिब्रेऑफिस हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. २०१९ पासून त्यात रिडॅक्ट नावाची सोय आहे, टूल्स मेनूत. ती कागदाची प्रत उघडते, तुम्ही नको तिथे चौकोन काढता, आणि शेवटी पानाचं चित्र बनवून पीडीएफ देते. खाली अक्षर उरतच नाही. अ‍ॅक्रोबॅट प्रोमध्येही ही सोय आहे, पण तिथे खुणा केल्यावर ‘अप्लाय’ दाबावं लागतं, नाहीतर सगळं तसंच राहतं. दोन्हीकडे पाठवण्याआधी स्वतः सिलेक्ट करून बघा, काही हाताला लागतंय का.

लॅपटॉप नसेल तर त्याहून सोपं. कागदावर जाड पुठ्ठ्याची पट्टी ठेवा आणि मग फोटो काढा. जे कॅमेऱ्याने पाहिलंच नाही, ते कोण काढणार? फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवू नका. तसं केलं तर फोटो कुठे काढला ही माहिती सोबत जाऊ शकते.

आता काय झाकायचं. नाव सगळेच झाकतात. पासपोर्टवर वरचा नंबर झाकतात आणि तळाच्या दोन ओळी विसरतात. त्यात नाव, नंबर, जन्मतारीख, सगळं पुन्हा असतं. शेवटच्या पानावर आईवडिलांचं नाव आणि घरचा पत्ता. एमिरेट्स आयडीत ७८४ नंतरचे चार आकडे म्हणजे तुमचं जन्मसाल, म्हणून नंबर अर्धा नको, पूर्ण झाका. बँकेचा आयबॅन, लेबर कार्ड नंबर, एम्प्लॉयी नंबर, बारकोड, सही, हेही विसरू नका.

आणि एक गोष्ट कुठलंच सॉफ्टवेअर सांगणार नाही. गँगमध्ये एकाच माणसाचा ओव्हरटाइम ६१ तास असेल, तर तो आकडाच त्याचं नाव आहे. टाइमशीट माझ्यासारखा सुपरवायझरच भरतो. असा आकडा बघितला की माणूस कोण ते आम्हाला लगेच कळतं. म्हणून कागद बघताना स्वतःला विचारा, ‘आमचा फोरमन हे वाचून कोणाला ओळखेल?’

एक मात्र लक्षात ठेवा. कामगार मंत्रालयात किंवा भारतीय वकिलातीत तक्रार करताना कागद पूर्ण द्यायचा. तिथे झाकलेला कागद पुरावा म्हणून लंगडा पडतो. मूळ फाइलला हात लावू नका, प्रतीवरच काम करा. आणि झाका, पण बदलू नका. एक आकडा जरी खोडून दुसरा लिहिला, तर तक्रारदाराचाच आरोपी होतो. दुसऱ्याची स्लिप त्याला न विचारता टाकू नका. इथला २०२१ चा सायबर कायदा कडक आहे, आणि कायदा नसता तरी त्याची रोजीरोटी त्याचीच आहे.

आपल्याला कोणापासून पळायचं नाहीये. हक्काचा पैसा मागायचा आहे, तो उघड मागू. पण कुठला कागद कोणी वाचायचा, हे ठरवणारे आपण असलो पाहिजे. आता फोन काढा. ग्रुपवर तुमची एखादी स्लिप पडली असेल तर ती शोधा. खाली बसून दोघादोघांनी मिळून बघू या, तिच्यात काय काय दिसतंय.