बेटावरची मोटार

सयाजीगंजात राहणाऱ्या मनुष्यास वाहनाची चिंता सहसा ठाऊक नसते. घराबाहेर पाऊल टाकावे तो रिक्षा समोर उभी. हाकेच्या अंतरावर रेल्वे स्टेशन, त्याच्या शेजारी बसचे आगार. आणि यांपैकी काहीच नको असेल तर काळ्या घोड्याला वळसा घालून सयाजीबागेपर्यंत पायी जाण्यास कोणाची हरकत नाही. अशा सुखावलेल्या मनुष्याने एका बेटावर जाऊन, दिवस उजाडताच, बिछान्याच्या वळकटीसारखे सामान रचून मोटारीसाठी रस्त्याच्या कडेस तिष्ठत बसावे, असा प्रसंग दिवाळीच्या सुटीत माझ्यावर आला. तोच आज आपणांस सांगावयाचा आहे.

बेट म्हणजे दीव. वडोदऱ्याहून रात्रीच्या बसने निघावे आणि सकाळी तेथे उतरावे, एवढेच ते दूर. खरे पाहता पुलांनी ते सौराष्ट्राच्या भूमीस असे जखडले आहे की बेट म्हणवून घेण्याचा त्याचा हक्क थोडा पातळच झाला आहे. परंतु गर्दीच्या दिवसांत तेथे वाहन शोधू लागले म्हणजे ते बेटच आहे याची खात्री पटते.

जाण्याचे कारण आमच्या मातोश्री. वय ब्याऐंशी; गुडघ्यांनी असहकार पुकारलेला. मुंबईच्या गाडीतून वसईच्या खाडीवर जेवढे पाणी दिसते तेवढाच समुद्र तिने आयुष्यात पाहिला होता. "एकदा काठावर बसून बघू दे रे," एवढेच ती म्हणाली. आता वाळूपर्यंत, देवळापर्यंत, किल्ल्यापर्यंत तिला न्यावयाचे तर दाराशी मोटार हवी. आमच्या चिरंजीवांनी आपल्या दूरध्वनियंत्रावर दोन बोटे फिरविली आणि तीन दिवसांसाठी स्वतः चालवावयाची मोटार ठरविली. सहा हजार रुपये आगाऊ भरले. 'आपली मोटार निश्चित झाली आहे' असा संदेश आला. त्या संदेशाखाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत आणखी पुष्कळ काही होते. ते आम्ही वाचले नाही. कोण वाचतो?

सकाळी साडेसातला ठरल्या जागी पोहोचलो. तासाभराने एक हसतमुख तरुण आला. "काका, गाडी तो नथी," तो म्हणाला. आधीच्या गिऱ्हाइकाने ती आणखी एक दिवस ठेवून घेतली होती. पैसे? ते वरच्या कचेरीकडे. वरची कचेरी कोठे? दूरध्वनीवर. दूरध्वनीवर एक यंत्र मोठ्या आर्जवाने सांगत होते की आमचा वेळ त्यांस मोलाचा वाटतो.

मग त्या तरुणाने तोड काढली. समोरच्या झाडाखाली एक पांढरी, धुतलेली, नवीकोरी मोटार उभी होती. तिची किल्ली त्याने माझ्यापुढे धरली. पाच हजार अनामत, बाकी तोच दर. माझा हात पुढे झालाही होता. तेवढ्यात मोटारीच्या क्रमांकाची पाटी दृष्टीस पडली. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे.

श्रोतेहो, या पाट्यांचे रंग आपण रोज पाहतो आणि विसरतो. पांढऱ्या पाटीची गाडी खाजगी; पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे असली तर ती चालकासह भाड्याने मिळणारी; आणि काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतील तर ती आपण स्वतः चालवावी म्हणून भाड्याने देण्याची. हा केवळ रंगांचा खेळ नव्हे. खाजगी गाडीचा विमा खाजगी वापरापुरताच असतो. ती भाड्याने दिली आणि वाटेत काही विपरीत घडले, तर विमा कंपनी हात वर करण्यास मोकळी, आणि जखमी मनुष्याची भरपाई कोणाच्या गळ्यात पडेल ते सांगावयास नको. स्वतः चालविण्याच्या मोटारी भाड्याने देण्यासाठी १९८९ सालची केंद्र सरकारची एक योजना आहे. तिच्याखाली परवाना घ्यावयाचा तर पदरी किमान ५० मोटारी असाव्यात, अशी अट त्या योजनेने घातली होती. सारा दीव जिल्हा जेमतेम ४० चौरस किलोमीटरांचा. तेथे ५० मोटारींचा धनी कोठून यावा? म्हणून झाडाखाली पांढरी पाटी उभी राहते. त्या तरुणाचा मला राग आला हे खरे, पण सगळा दोष त्याच्याच माथी मारणे मला आजही जमत नाही.

मी पाटीकडे बोट दाखविताच तो म्हणाला, "काका, बधा आम ज करे छे. कोई पूछे तो कहेवानुं, सगानी गाडी छे."

चिरंजीव तयार होते. सौभाग्यवती गप्प होत्या. ऊन चढत होते, आणि खरे सांगावयाचे तर माझीही तयारी होत आली होती. तीन दिवसांत काय होणार आहे, असा विचार मनात येऊन गेलाच. इतक्यात बोचक्यावर बसलेल्या आईने अगदी कुतूहलाने विचारले, "सगे? इथे कोण रे आपले सगे?"

तिला उत्तर देता येईना. मी किल्ली परत केली.

पुढचे तीन दिवस आम्ही एका रिक्षाने हिंडलो. रिक्षावाला मध्यमवयीन, अबोल आणि वेळेचा पक्का. आईला रिक्षात चढणे मोटारीहून सोपे गेले, हे आमच्यापैकी कोणाच्या आधी ध्यानात आले नव्हते. फुदमजवळच्या गंगेश्वरास तो रिक्षा शक्य तितकी जवळ नेई; खाली लाटा येऊन पाचही शिवलिंगांस स्नान घालून जात, आणि वर पायरीवर बसून ती हात जोडी. नागव्याच्या वाळूवर तिला खुर्ची कोणी आणून दिली ते मला कळलेही नाही. 'खुकरी' युद्धनौकेच्या स्मारकाशी मात्र ती पुष्कळ वेळ बसली. ९ डिसेंबर १९७१ रोजी ही नौका पाणबुडीच्या माऱ्याने बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले, आणि कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपली नौका सोडली नाही. त्या लढाईच्या दिवसांत वडोदऱ्यात खिडक्यांना काळे कागद लावलेले आईला आठवत होते. समुद्राकडे पाहत ती म्हणाली, "एवढा मोठा असतो होय!" नंतर बराच वेळ कोणी बोलले नाही.

परतल्यावर ही हकीकत अमेरिकेतील भाच्यास सांगितली, तर तो हसू लागला. २०२० च्या साथीत तिकडच्या कंपन्यांनी आपल्या मोटारींचे तांडेच्या तांडे विकून टाकले. आणि पुढच्या वर्षी प्रवासी हवाई बेटांवर लोटले तेव्हा मोटारी मिळेनात. काही मंडळींनी घरसामान हलविण्याचे मालट्रक भाड्याने घेऊन समुद्रकिनारे पाहिले! मुख्य भूमीवर एका गावी मोटार नसली तर शेजारच्या गावाहून आणता येते. बेटावर ती जहाजाने यावी लागते. शिवाय तिकडे ठरविला जातो तो मोटारीचा वर्ग, विशिष्ट मोटार नव्हे. आणि पुष्कळ गिऱ्हाइके ऐनवेळी येतच नाहीत, म्हणून कंपन्या हाताशी असतील त्याहून अधिक मोटारींचे शब्द देऊन बसतात. आमच्या संदेशाखालच्या मुंगीअक्षरांत, मी ती नंतर भिंगाखाली वाचली तेव्हा, नेमके हेच लिहिलेले निघाले: 'अथवा तत्सम, उपलब्धतेनुसार'.

पण पैसे घेऊन काहीच न देणे हे कोणत्याही 'तत्सम'मध्ये बसत नाही. पूर्वी अशा तक्रारीसाठी प्रतिपक्षाचे ठाणे जेथे असेल अथवा प्रकार जेथे घडला असेल तेथे जावे लागे. म्हणजे सहा हजारांसाठी पुन्हा दीवची वारी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ती अडचण दूर केली. तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगापुढे त्यास दाद मागता येते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही पडत नाही. त्याआधी १९१५ या क्रमांकावर मी राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्रास कळविले. आठवडाभर यंत्राशी बोलणारी कचेरी त्यानंतर माणसाच्या आवाजात बोलू लागली. तेविसाव्या दिवशी पाच हजार चारशे रुपये परत आले. सहाशे रुपये 'रद्द करण्याचे शुल्क' म्हणून कापले होते.

रद्द आम्ही केले नव्हते. मोटार त्यांच्याकडे नव्हती.

"सहाशे रुपयांसाठी कोर्टकचेरी करणार?" सौभाग्यवतींनी विचारले. चिरंजीवांचेही तेच मत. त्यांच्या हिशेबाने माझे कागदांच्या नकला काढण्यातच दोनशे रुपये खर्ची पडले आहेत. तरीही संदेशाची प्रत, पैसे भरल्याची पावती आणि पांढऱ्या पाटीच्या त्या मोटारीचे छायाचित्र जोडून मी अर्ज वडोदऱ्याच्या जिल्हा आयोगात दाखल केला आहे. पहिली तारीख अजून पडावयाची आहे.