प्रवासाची तारीख आणि लसीचा हिशेब
(गणेशोत्सवातील आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी मला मधुमेह नाहीतर रक्तदाब हा विषय मिळतो. यंदा मी पटकी हा विषय मागून घेतला. पटकी म्हणजे कॉलरा. आपले इथले शेजारी ज्याला हैजा म्हणतात तोच. त्यामागचे कारण सांगतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला. आपल्यातला एक तरुण मदतीचे सामान घेऊन निघणार होता. आदल्या संध्याकाळी दवाखान्यात आला आणि म्हणाला, "काका, पटकीची लस द्या, उद्या गाडी आहे." मी त्याला लस दिली नाही. लस वाईट होती म्हणून नव्हे, वेळ निघून गेली होती म्हणून.

आपल्या आजी-आजोबांना ही लस माहीत होती. पंढरपूरच्या यात्रेला जाताना दंडावर सुई टोचून घ्यावी लागे. १८९३ साली डॉ. हाफकिन यांनी भारतात पटकीची लस टोचायला सुरुवात केली. त्यांच्याच नावाची संस्था परळला आहे. पण त्या सुईचा परिणाम थोडे महिनेच टिके. १९७३ साली जागतिक आरोग्य परिषदेने प्रवाशांसाठी पटकीच्या दाखल्याची अट काढून टाकली.

आताची लस तोंडाने घ्यायची असते. हैदराबादला तयार झालेली शांकॉल २००९ साली आली. तिचे उत्पादन आता बंद झाले आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये हैदराबादच्याच भारत बायोटेकने हिलकॉल आणली. एक वर्षावरील कोणालाही ती देता येते. दीड मिलिलिटरचा एक डोस, आणि १४ दिवसांनी दुसरा. दुसरा डोस घाईने आधी घेऊ नये. त्यानंतर शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हायला आठवडा ते दहा दिवस द्यावेत.

म्हणजे हिशेब तिकिटाच्या तारखेपासून उलटा करायचा. ३० तारखेला निघायचे असेल तर दुसरा डोस २० तारखेला आणि पहिला ६ तारखेला. तिकीट काढाल त्याच दिवशी कॅलेंडरवर दोन खुणा करा.

ही लस सर्वांनी घ्यावी का? नाही. नागपूर-पुण्याला लग्नाला जाणाऱ्याला तिची गरज नाही. जिथे साथ चालू आहे तिथे जाणारे, पूरग्रस्त भागात किंवा छावणीत राहून काम करणारे, यांनी डॉक्टरांना जरूर विचारावे. ताप असेल तर थांबावे. गरोदर भगिनींनी सल्ल्याशिवाय घेऊ नये.

आता महत्त्वाचे. कोलकात्याच्या झोपडपट्ट्यांत २००६ पासून शांकॉलची मोठी चाचणी झाली. पाच वर्षांत दोन डोसांचे संरक्षण ६५ टक्के भरले. म्हणजे लस छत्री आहे, छप्पर नव्हे. शिवाय टायफॉइड, कावीळ किंवा इतर जुलाब यांवर तिचा उपयोग नाही.

म्हणून दक्षता हवीच. पाणी खळखळून उकळलेले किंवा सीलबंद बाटलीचे प्यावे. क्लोरीनची गोळी टाकल्यास अर्धा तास थांबावे. बर्फ, कापलेली फळे, उघड्यावरची चटणी टाळावी. अन्न गरम असतानाच खावे. शौचानंतर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत.

तांदळाच्या धुवणासारखे जुलाब सुरू झाले तर "बघू सकाळी" म्हणू नका. काही तासांत माणूस कोरडा पडून दगावू शकतो. वेळेवर उपचार मिळाले तर शंभरातला एखादाही दगावत नाही. लगेच ओआरएस सुरू करा आणि रुग्णाला दवाखान्यात न्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवा. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच मीठ-साखरेच्या पाण्याने हजारोंचे प्राण वाचवले. परत आल्यावरही पाच दिवस लक्ष ठेवा. आजार तितका उशिरा दिसू शकतो.

त्या तरुणाला मी ओआरएसची वीस पाकिटे आणि क्लोरीनच्या गोळ्या दिल्या होत्या. आठवड्याने परत आला तेव्हा पिशवी रिकामी होती. म्हणाला, "काका, एका आजींना रात्रभर चमच्याचमच्याने पाजत होतो. सकाळी गाडी मिळाली, दवाखान्यात नेले. वाचल्या." त्यांना पटकी होती की साधे जुलाब, मला ठाऊक नाही. पण त्या रात्री ते पाणीच त्यांच्या कामी आले.

लसीला साडेतीन आठवडे लागतात. उकळलेल्या पाण्याला आणि साबणाला आदल्या दिवशीची आठवणही पुरते. दोन्ही ध्यानात ठेवा, आणि पुढच्या वर्षी सगळे सुखरूप इथेच भेटू या.

गणपती बाप्पा मोरया!