कोयता, हँड्स आणि एम.ए. इंग्लिश

(धम्मचक्र प्रवर्तन दिनी कडा, ता. आष्टी, जि. बीड इथल्या वस्तीत केलेलं भाषण)



मला इथं कवी म्हणून उभं केलंय. पोटाचा धंदा मात्र गोदीतला. मुंबई बंदरात ठेकेदाराच्या गँगमध्ये मी माल चढवतो-उतरवतो. शिक्षण दहावी पास. आणि विषय दिलाय, इंग्रजी साहित्य आणि संस्कृती-अभ्यास यात एम.ए. कशाला करायचं? कुणी म्हणेल, ज्याला पोहता येत नाही तो विहिरीची खोली सांगायला आला. बरोबर आहे. पण पाणवठ्याचा हक्क मागायला पोहता यावं लागत नाही, हे आपल्याला १९२७ पासून माहीत आहे.

विषय असा निघाला. आपल्या वस्तीतली एक पोरगी इंग्रजी घेऊन बी.ए. झाली. नाव घेत नाही, ती इथंच बसलीय. आता शहरात जाऊन एम.ए. करायचं म्हणते. घरात तीन बोलणी चालू आहेत. पहिलं, नोकरी लागणार का? दुसरं, पोरीची जात, एकटी कुठं राहणार? तिसरं आपल्याच चळवळीतल्या पोरांचं. ते म्हणतात, इंग्रजी साहेबाची, संस्कृती बामणाची, आपलं तिथं काय ठेवलंय? दसरा झाला. मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या आता निघतील. तेव्हा टोळ्या जायच्या आधी हे बोलणं झालं पाहिजे.

नोकरीचं आधी सांगतो. खोटं बोलणार नाही. नेट-सेट झालेली पोरं तासिका तत्त्वावर शिकवतात, तासाचे पैसे घेतात, सुट्टीत हात हलवत बसतात. एम.ए. म्हणजे पगाराची चिठ्ठी, असं जो सांगतो तो मुकादमाचा भाऊ. मग कशाला करायचं? तेच बोलायला आलोय.

माझं इंग्रजी पेट्यांवरचं. गोदीत पेट्यांवर छापलेलं असतं, धिस साइड अप, हँडल विथ केअर, यूज नो हुक्स. म्हणजे वरची बाजू कोणती, जपून उचला, हूक लावू नका. एवढं इंग्रजी मला पाठ आहे. पेटीला जपायचं इंग्रजीत लिहिलंय. उचलणाऱ्याला जपायचं कुठल्याच भाषेत लिहिलेलं मी पाहिलं नाही.

आता इंग्रजी साहित्याकडं या. डिकन्स नावाचा लेखक होता. त्याची ‘हार्ड टाइम्स’ ही कादंबरी १८५४ सालची. गिरणगावाची गोष्ट आहे. तिथले मालक कामगारांना काय म्हणतात? हँड्स. हात. माणूस नाही, नुसता हात. आणि डिकन्स त्या शब्दाला टोचतो. आता आपल्याकडं बघा. ऊसतोडीला नवरा-बायको जातात तेव्हा मुकादमाच्या वहीत किती माणसं लागतात? दोन नाही. एक कोयता. एकटा गडी असला तर अर्धा कोयता. तिकडं माणसाचा हात केला, इकडं माणसाचं हत्यार केलं, आणि बाई तर हत्याराच्या अर्ध्यातही धड मोजली नाही. या दोन शब्दांना शेजारी ठेवणं, ते कुणी पाडले, कुणाच्या सोयीचे आहेत हे विचारणं, याचं नाव साहित्याचा अभ्यास. हे काम कोयता ज्यानं पाहिला नाही त्याच्याकडून होणार आहे का? त्यानं डिकन्स चार वेळा वाचला असेल. त्याला अर्धीच गोष्ट कळली.

योगायोग असा की त्याच १८५४ साली पुण्यात सावित्रीबाई फुल्यांचा ‘काव्यफुले’ छापून आला, आणि त्यात त्यांनी शूद्र-अतिशूद्रांना इंग्रजी शिका म्हणून सांगितलं. मेकॉलेनं १८३५ साली टिपण लिहिलं ते कारभाराला उपयोगी पडणारे, चवीनं साहेब झालेले लोक तयार करायला. सावित्रीबाईंनी तीच भाषा मागितली ती गुलामी तोडायला. भाषा एक, मागणारे दोन, आणि मागण्यामागची पोटं वेगळी. इंग्रजी साहेबाची हे म्हणणं म्हणूनच अर्धवट. ती कुणी कशासाठी उचलली, हा सवाल आहे.

आता तो दुसरा शब्द, संस्कृती-अभ्यास. ऐकायला एसी हॉलमधला वाटतो. त्याचा जन्म कुठं झाला ते ऐका. इंग्लंडात दुसऱ्या महायुद्धानंतर रेमंड विल्यम्स, रिचर्ड हॉगर्ट, ई. पी. थॉम्पसन ही माणसं प्रौढांच्या, कामगारांच्या संध्याकाळच्या वर्गांत शिकवत होती. विल्यम्सचा बाप वेल्समध्ये रेल्वेचा सिग्नलवाला. हॉगर्ट लीड्सच्या कामगार वस्तीत आजीनं वाढवलेला अनाथ पोरगा. पाळी संपवून आलेल्या माणसांसमोर शेक्सपिअर शिकवायचा तर त्या माणसांची गाणी, त्यांचे पेपर, त्यांचं बोलणं यांना कचरा म्हणून चालत नाही. विल्यम्सनं १९५८ साली मांडलं की संस्कृती ही रोजची, साधी गोष्ट आहे, ती काही बड्यांच्या कपाटातली नव्हे. १९६४ साली हॉगर्टनं बर्मिंगहॅम विद्यापीठात या अभ्यासाचं केंद्र काढलं. त्याच्या हाताखाली आला स्टुअर्ट हॉल, जमैकातला काळा माणूस, जो पुढं त्या केंद्राचा प्रमुख झाला.

या हॉलनं आणि त्याच्या सोबत्यांनी काय केलं? १९७० च्या दशकात इंग्लंडच्या पेपरांनी ‘मगिंग’ हा शब्द अमेरिकेतून आणून उचलून धरला. रस्त्यावर मारहाण करून लुटणं. गुन्हा जुनाच, शब्द नवा. आणि शब्दाबरोबर चेहरा चिकटवला, काळ्या पोराचा. यांनी कात्रणं गोळा केली, कोर्टाचे निकाल, पोलिसांची विधानं, संपादकांना आलेली पत्रं बघितली, आणि १९७८ साली पुस्तक लिहून दाखवलं की सरकारला, पोलिसांना, पेपरांना त्या वेळी असं भूत का हवं होतं. दोस्तांनो, हा आहे संस्कृती-अभ्यास. तुमच्या वस्तीचं नाव पेपरात कुठल्या बातमीत येतं आणि कुठल्या बातमीत येत नाही, हे मोजणं.

आपलंच उदाहरण घ्या. २०१९ साली शासनाच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी केली. त्यांतल्या १३ हजारांहून जास्त बायांची गर्भपिशवी काढलेली निघाली. देशापरदेशातल्या इंग्रजी पेपरांनी ते छापलं. छापलं हे चांगलं झालं. पण ती बातमी वाचून दाखवायला, तिच्यातला शब्द न् शब्द तपासायला, ‘खाडा’ या शब्दाचं इंग्रजी करताना काय गळालं हे सांगायला त्या फडावरची पोरगी कुठं होती? खाडा म्हणजे नुसती गैरहजेरी नाही. खाडा म्हणजे दंड, म्हणजे न फिटलेली उचल, म्हणजे पाळी आली तरी पहाटे मोळी डोक्यावर. इंग्रजीत तो ‘ॲब्सेन्स’ झाला की सगळा मुकादम त्यातून निसटतो.

चळवळीतल्या पोरांना आता सांगतो. तुम्ही छातीवर पँथर लावता. हे नाव १९७२ साली मुंबईत घेतलं ते १९६६ च्या अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. काळ्यांचं साहित्य आपल्या मराठवाड्यात कुणी आणलं? म. ना. वानखेडे इंग्रजीचे अभ्यासक, अमेरिकेत जाऊन डॉक्टरेट घेऊन आले. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० साली औरंगाबादेत कॉलेज काढलं, तिथल्या पोरांपुढं वानखेडे सरांनी निग्रो लेखकांचा विषय काढला. लातूरचे जनार्दन वाघमारे इंग्रजीचेच प्राध्यापक. त्यांनी ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हे पुस्तक मराठीत लिहिलं. इंग्रजीत एम.ए. केलेल्या माणसांनी ही खिडकी उघडली, म्हणून तर वारा आत आला.

आणि आज आपला माल तिकडं चाललाय. अर्जुन डांगळ्यांनी संपादलेला ‘पॉयझन्ड ब्रेड’ १९९२ साली निघाला. बेबीताई कांबळ्यांचं ‘जिणं आमुचं’ २००८ साली इंग्रजीत आलं. ‘बलुतं’ १९७८ चं, ते इंग्रजीत यायला २०१५ उजाडलं. ही पुस्तकं आता इंग्रजीच्या एम.ए.ला नेमलेली असतात. म्हणजे आपली आजी तिथं पोचलीय, पण तिच्याबद्दल वर्गात बोलणारी नात पोचलेली नाही. अशा वर्गात आपण नमुना होतो. मी नमुना व्हायला सांगत नाही. मी टॅली घ्यायला सांगतोय. गोदीत माल उतरताना एक माणूस वही घेऊन उभा असतो, किती आलं, किती फुटलं, किती चोरीला गेलं. तो नसला की मालक म्हणेल तो आकडा. आपल्या पुस्तकांच्या उतरणीला आपला टॅलीवाला पाहिजे.

का पाहिजे, त्याला पुरावे आहेत. २०२१ साली दिल्ली विद्यापीठाच्या इंग्रजी ऑनर्सच्या अभ्यासक्रमातून बामा आणि सुकिर्तराणी या तामिळ दलित लेखिका काढून टाकल्या, सोबत महाश्वेता देवींची ‘द्रौपदी’ही. २०२२ साली अनुसूचित जातीच्या पोरांना परदेशात शिकायला मिळणाऱ्या केंद्राच्या शिष्यवृत्तीचे नियम बदलले, आणि भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास, भारतावरचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. म्हणजे परदेशी जा, इंजिन शिका, औषध शिका, पण स्वतःच्या देशाची जात तिकडं जाऊन वाचू नका. जो विषय बिनकामाचा असतो त्याला कुणी कुलूप लावतं का?

म्हणून हा विषय आपला. पण जाणाऱ्या पोरीला दोन गोष्टी सांगतो. बाई गं, तिथं तुझ्या उच्चाराला कुणी हसेल. हसू दे. तुझ्या जिभेवर आष्टीची माती आहे, ती धुवायला तू चालली नाहीस. दुसरं, मराठी सोडू नको. इंग्रजीत जे वाचशील ते सुट्टीत येऊन इथं मराठीत सांग, या झाडाखाली. इंग्लंडातल्या मास्तरांनी कामगारांना सांगितलं, तू टोळीला सांग. आणि फडावरच्या बायांच्या ओव्या, वामनदादांची गाणी, मुकादमाच्या वहीतले शब्द, हे लिहून घे. तुझ्या प्रबंधाचं सामान इथं पडलंय.

आता तिच्या बापाला. तात्या, पोरगी शहरात एकटी राहील याची काळजी खरी आहे. पण सहा महिने परक्या रानात पाचटाच्या कोपीत तिला आपण ठेवतोच की, तेव्हा कुणी एकटी म्हणत नाही. समाजकल्याणच्या वसतिगृहाचा अर्ज भरू, तिथं नंबर लागला नाही तर स्वाधार योजनेचा भरू. शिष्यवृत्तीचा अर्ज आहेच. मॅट्रिकनंतरची ही शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात होते. तो पैसा उपकाराचा नाही.

पण सरकारी पैसा उशिरा येतो आणि मेसवाला थांबत नाही. म्हणून वस्तीपुढं ठराव ठेवतो. पहिल्या वर्षाचा मेसचा खर्च आपण उचलायचा. इथल्या घराघरानं जमेल ते, मुंबईच्या आम्ही गोदीवाल्यांनी महिन्याच्या एका पाळीची मजुरी. ही उचल आहे, पण बिनव्याजी, आणि हिच्यात खाडा नाही. अट एकच. या हंगामाला मुकादमाच्या वहीत तिचं नाव कोयता म्हणून लागता कामा नये.

ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करा. हँड्स म्हणून नाही. माणूस म्हणून.

जय भीम.