बॅटरीतील अग्निरोधक : मात्रा आणि मर्यादा



आज घरोघरी मोबाइल, लॅपटॉप आणि दारातील ई-स्कूटर यांना चालवणारी लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणली. तिच्यात लिथियमचे आयन ज्या द्रवातून ये-जा करतात, त्यास इलेक्ट्रोलाइट म्हणतात. या बॅटरीच्या सुमारे चार व्होल्ट दाबाखाली पाण्याचे विघटन होते. म्हणून त्यात डायमिथिल कार्बोनेटसारखी सेंद्रिय द्रावके वापरावी लागतात. ती ज्वालाग्राही असल्याने आगीचे इंधन बॅटरीच्या उदरातच साठलेले असते.

यावर उपाय अग्निरोधक द्रव्यांचा. द्रावक जळताना हायड्रोजनची अतिक्रियाशील मूलके ज्वाला पुढे नेतात. ट्रायफेनिल फॉस्फेटसारखी फॉस्फरसयुक्त संयुगे तापली की त्यांतून निघणारे घटक या मूलकांना बांधून ठेवतात. अभिक्रियेची साखळी तुटते आणि ज्वाला मंदावते.

मग असे द्रव्य मुबलक का मिसळू नये? कारण त्याने द्रव दाट होतो, आयनांची गती मंदावते आणि ग्रॅफाइटच्या अग्रावरील संरक्षक थरही बिघडू शकतो. बॅटरी सुरक्षित होते, पण दुबळी होते. मात्रा अल्प ठेवावी, तर आग आवरत नाही.

हा पेच सोडवण्याचा एक मार्ग स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली दाखवला. त्यांनी ट्रायफेनिल फॉस्फेट बहुवारिकाच्या अतिसूक्ष्म तंतूंत बंदिस्त करून त्यांचाच विभाजक पडदा बनवला. एरवी ते द्रवात मिसळत नाही. तापमान सुमारे १५० अंश सेल्सिअसला पोहोचताच तंतूंचे कवच वितळते आणि द्रव्य बाहेर पडते. प्रयोगात ०.४ सेकंदांत ज्वाला विझल्या.

तथापि अग्निरोधक म्हणजे अभयपत्र नव्हे. अतितप्त धनाग्रातून ऑक्सिजन सुटतो आणि ज्वाला नसतानाही आतील उष्णता वाढत राहू शकते. भारतात २०२२ साली ई-स्कूटरींना लागलेल्या आगींनंतर बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक झाले, तेही केवळ रसायनावर विसंबून चालत नाही म्हणूनच. फुगलेली बॅटरी वापरू नये, नेमून दिलेलाच चार्जर लावावा आणि घराबाहेर पडण्याच्या एकमेव वाटेवर वाहन चार्जिंगला ठेवू नये, एवढी दक्षता प्रत्येक घराने घ्यावी.

प्रयोगशाळेने आपले काम केले, तरी घरातील दक्षतेचे काम घरानेच करावयाचे असते.