आजींचं उत्तर आजींनाच देऊ द्या



मी बचत गटाची सभासद. गेली सहा वर्षं आमच्या तालुक्यातल्या एका वृद्धाश्रमात स्वयंपाक करते. आज तिथली एक गोष्ट सांगते. त्यात चूक माझीच आहे.

मागच्या वर्षी नर्सिंग शिकणाऱ्या दोन मुली आश्रमात आल्या. म्हातारी माणसं काय खातात, किती खातात, याचा त्या अभ्यास करत होत्या. एकीनं एका आजींना विचारलं, "आजी, जेवण पुरतं का?" आजींना बोलायला वेळ लागतो. मला भाकरी थापायच्या होत्या. मी दारातूनच म्हटलं, "लिही गं, पोटभर जेवतात त्या."

मुलीनं लिहिलं नाही. म्हणाली, "मावशी, त्यांनाच सांगू द्या ना." जरा वेळानं आजी म्हणाल्या, "भाकरी चावत नाही. दुधात कुस्करून दिली तर खाईन. पण मागायचं कसं?"

सहा वर्षं मी त्यांना वाढत होते, आणि मला हे ठाऊक नव्हतं. तेव्हापासून आश्रमात कुणी अभ्यासाला आलं की मी त्रास समजत नाही.

अशा अभ्यासातून काय निघतं, ते ऐका. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया नावाचं राज्य आहे. तिथं ६० वृद्धाश्रमांत दोन वर्षं एक अभ्यास झाला. ७,१९५ माणसं, सरासरी वय ८६, आणि त्यात बायकाच जास्त. निम्म्या आश्रमांत जेवणात दूध, दही आणि चीज वाढवलं. एक ग्लास दूध म्हणजे एक भाग धरला, तर दिवसाला दोन भाग मिळायचे, ते साडेतीन केले. बाकीच्या आश्रमांत नेहमीचंच जेवण ठेवलं. निकाल २०२१ साली छापून आला. जिथं दूधदुभतं वाढवलं, तिथं हाडं मोडण्याचं प्रमाण ३३ टक्क्यांनी कमी झालं. खुब्याचं हाड मोडण्याचं तर ४६ टक्क्यांनी. पडण्याचं प्रमाणही ११ टक्क्यांनी घटलं. माणसं त्यामुळे जास्त वर्षं जगली, असं दिसलं नाही. पण खुबा मोडून अंथरुणाला खिळलेलं माणूस आपल्यापैकी कितीतरी जणींनी घरात पाहिलंय. ते टळणं काही थोडं नाही.

हे काम एकट्या डॉक्टरांनी केलं का? नाही. वाढलं स्वयंपाकघरातल्या माणसांनी. कोण कधी पडलं, हे आश्रमाच्या नोंदींतून कळलं. म्हणजे आपल्यासारख्यांचे हात त्यात होते.

म्हणून आश्रमात काम करणाऱ्या किंवा घरचं माणूस तिथं असलेल्या मैत्रिणींना माझं तीन गोष्टींचं सांगणं आहे.

पहिली, ज्याला प्रश्न विचारलाय त्यालाच बोलू द्या. ऐकू कमी येत असेल तर प्रश्न कानाशी सांगा, चष्मा शोधून द्या, पण उत्तर आपलं घुसडू नका.

दुसरी, नोंद खरी ठेवा. आजोबा न्हाणीत घसरले, लागलं नाही, मग ओरडा नको म्हणून आपण वहीत लिहीत नाही. मीही हे केलंय. पण पडल्याचं लिहिलंच नाही, तर न्हाणीत धरायला दांडा हवा हे कळणार कुणाला?

तिसरी, येणाऱ्यालाही विचारा. अभ्यास कशाचा? नैतिकता समितीची परवानगी आहे का? रक्त काढणार का, औषध देणार का? आयसीएमआर या सरकारी संस्थेचे २०१७ चे नियम आहेत. माणसाला त्याच्या भाषेत सगळं समजावून सांगायचं. सही येत नसेल तर अंगठा चालतो, पण अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार समोर हवा. नको म्हणायचा हक्क आहे. मध्येच सोडायचाही आहे, आणि सोडलं म्हणून सेवेत कसूर होता कामा नये. ज्यांचं भान हरपलंय, त्यांच्या वतीनं कायद्यानं ठरलेला जबाबदार माणूस संमती देतो. पण त्या माणसानं हात मागे घेतला, तोंड फिरवलं, तर त्याचाही मान ठेवायचा.

आश्रमात राहणारं माणूस दान घेतं, म्हणून त्यानं "हो"च म्हणावं, असं नाही बायांनो.

त्या आजींना आता रोज दुधात कुस्करलेली भाकरी देते. डॉक्टरांना विचारूनच सुरू केलं, कारण मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असला तर दुधाचं प्रमाण त्यांनाच ठरवू द्यावं. परवा आजी म्हणाल्या, "मीठ जरा कमी टाक." आता मागायला लागल्यात.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं बोला: आपल्या गावातलं कोण कोण आश्रमात आहे, आणि त्यांना भेटून "तुम्हाला काय हवंय" असं शेवटचं कुणी विचारलं होतं?